रेवाचं पाखरू आणि माझी आरोळी

मंडळी, दुपारी नातीच्या कॉलेजातून आलोय. टंकताना चुकलो तर सांभाळून घ्या.

आमची रेवा ड्रोन क्लबात आहे. तिला तिथल्या झुंज गटात जायचं होतं. त्या गटाची रीतच अशी, की स्वतः बांधलेलं ड्रोन जाळीच्या पिंजऱ्यात समोरच्याच्या ड्रोनवर आदळायचं. जो आपलं जपत बसतो, त्याला गटात जागा नाही.

अख्खा पावसाळा तिनं ते बांधलं. मी त्याला पाखरू म्हणायचो, शाळेतल्या कविता ऐकवायचो.

झुंज सुरू झाली. समोरच्या ड्रोननं पाखराचं एक पातं उडवलं. ते लंगडत मागे सरलं. गटाचा कॅप्टन हसून म्हणाला, "बचाना है तो घर ले जाओ, दीदी."

रेवाचे अंगठे रिमोटवर थबकले. तेवढ्यात कुणीतरी गरजलं, "मार, चिरडून टाक त्याला!"

तो मीच होतो.

पाखरू सुसाट सुटलं. पाती पात्यांत घुसली, तुकडे गारांसारखे जाळीवर आदळले, बॅटरीतून धूर निघाला. समोरचं ड्रोन जमिनीवर तडफडत विझलं. रेवाला गटात घेतलं.

परतताना ऑटोत मांडीवर पाखराचे तुकडे घेऊन ती म्हणाली, "आजोबा, इतके काहून ओरडून राहिले होते?"

जन्मभर कारखान्यात तोफा बनवल्या, पण असं कधी ओरडलो नव्हतो. मी तिच्या मांडीवरचे तुकडे रुमालात बांधायला घेतले.

"पुढच्या झुंजीला याल ना?"

हो म्हणालो, तेही तिचं वाक्य संपायच्या आत. तुम्ही काय म्हणाला असता?