कोरं बोट

दूधवाल्याने पिशवी पुढे केली, तेव्हा त्याच्या नखावरची मतदानाची शाई दिसली. नखाबरोबर ती पार टोकाला सरकली होती. आता नख कापलं की गेली. मी मात्र अजून सवयीने डावा हात खिशात घालतो.

विधानसभेला आमचे शेजारी अण्णा उभे होते. मतदानाच्या दिवशी मी बूथबाहेर बसून लोकांना चिठ्ठ्या काढून देत होतो. “काकू, एकेक मत लाखमोलाचं!” असं ओरडून घसा बसला. संध्याकाळी घरी चहाचा कप उचलला, तर बायको म्हणाली, “अहो, तुमच्या बोटाला शाई कुठंय?”

मी स्वतः मत द्यायलाच विसरलो होतो!

निकालापर्यंत झोप उडाली. अण्णा एका मताने पडले तर? एका मताचं वजन आपण भाषणात सांगतो. ते छातीवर घेऊन एकदा झोपून बघावं.

निकाल लागला. अण्णा हजारोंनी आपटले. माझ्या छातीवरचं वजन असं उतरलं, की रडवेल्या मांडवात माझाच चेहरा उजळला. “काय रे, तिकडं फुटलास का?” कुणीतरी विचारलं. मी धावत जाऊन अण्णांचे हात धरले. खिशातला हातही बाहेर आला. त्यांनी माझं कोरं बोट नीट न्याहाळलं.

“बरं झालं बाबा,” ते हळूच म्हणाले, “एका मताने नाही पडलो. नाहीतर तू तोंड कुठं लपवलं असतंस?”