बांधावरचा माणूस तिनं पाहिला

वैशालीच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कोपरगावला, शेती अवजारांच्या एका दुकानात खुरपणाऱ्या बायांसाठी बनवलेल्या आमच्या उशा दाखवत होतो. "दादा, ताई गेली... सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतसुद्धा..." पुढचं त्याला बोलवेना. दुकानदार विचारत होता, एका खोक्यात किती बसतात? मी उत्तर दिलं. काय दिलं, आठवत नाही. त्याला आता पाच आठवडे झाले.

नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. पुढे पुण्यातल्या नोकऱ्या सोडून दोघांनी कंपनी काढली. कंपनी म्हणजे पहिल्या मजल्यावरची भाड्याची खोली आणि दोन टेबलं. खुरपणीला दिवसभर उकिडवं बसून बायांचे गुडघे जातात, म्हणून आम्ही लहान चाकांची बैठक बनवली. जामखेडकडच्या एका गावात वीसजणींना वापरायला दिली. महिन्यानं विचारलं तर सगळ्या म्हणाल्या, "लई चांगली हाय." बैठका मात्र पडवीत पडून होत्या, एकीवर तर पाण्याचा हंडा ठेवलेला. मी वैतागून म्हणालो, "यांना कळतच नाही." वैशाली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन त्याच गावात गेली आणि आठवडाभर त्यांच्याबरोबर कांदा खुरपत राहिली.

पाचव्या दिवशी शेजारची पात, म्हणजे ओळ, खुरपणाऱ्या कौसल्याबाई आपणहून बोलल्या. "ताई, बसल्यालं दिसलं की शेताचा मालक बांधावरनं वरडतो, आराम करायला आल्या का म्हनून. कसं वापरावं आमी?" चाकं, उंची, रंग... आम्ही सगळ्याचा विचार केला होता. बांधावर उभा राहणारा माणूस आमच्या डोक्यातच आला नव्हता. वैशालीनं परत येऊन चाकं काढूनच टाकली आणि कमरेला पट्ट्यानं बांधायची, साडीच्या घोळात झाकली जाणारी जाड उशी शिवली. ती मात्र बाया मागून नेऊ लागल्या.

"तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही रे," ती म्हणायची. "'बरंय' म्हणाल्या की समजायचं, अजून आपण त्यांना परकेच आहोत." सात वर्षं मी हे ऐकलं. आणि आमच्या शेवटच्या भेटीत जिना चढताना ती मध्येच थांबली, कठडा धरून... "बरी आहेस ना?" मी विचारलं. "बरी आहे. उन्हानं झालं असेल." मी लगेच उशीच्या कापडाचं बोलू लागलो. त्या एका शब्दापुढं विचारावं, असं मला वाटलंच नाही.

गेल्या आठवड्यात कौसल्याबाईंच्या गावी गेलो. त्यांना सांगायला हवं होतं. ऐकून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा खुरपू लागल्या. माझा पाय निघेना. एक खुरपं मागून घेतलं आणि त्यांच्या शेजारच्या पातीत बसलो. तासाभरानं, मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊ, घाम आला की पट्टा काचतो. ताईला सांगनार हुते मी..."

संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं. वैशालीच्या टेबलावर कात्री, टेप, अर्धवट कापलेलं कापड, सगळं तसंच होतं. "पट्टा काचतोय म्हणे," मी मोठ्यानं म्हणालो. मग तिच्या खुर्चीत बसून पट्ट्याची शिवण उसवायला घेतली.