ही मजुरी झाली, कृपा नव्हे!

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकामे डबे कसे वाढत जातात, तसे ते आपोआप वाढतात, आणि टाकून द्यायला जीव होत नाही. आता आमच्याकडे कोणी चहाला आलं आणि चुकून ‘कृपा’ हा शब्द उच्चारला, की घरातले सगळे एकदम म्हणतात, “झालं! आता बाई सुरू होणार!”

होणारच! ज्या ख्रिस्ती मंडळीत मी पेटी वाजवली, ती काय अशीतशी मंडळी होती?

गोष्ट पन्नास ते साठच्या मधली. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. आमचं गाव जंगलाच्या पोटात, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, कडेला. मोजकी ख्रिस्ती घरं. देऊळ म्हणजे मातीच्या भिंती, वर कवेलू आणि दाराशी दगडाची एक पायरी. आम्ही आमच्या प्रार्थनाघराला देऊळच म्हणायचो. मी मंडळीच्या शाळेत मास्तरीण, आणि उपासनेला पेटी माझ्याकडे.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे पाद्री, नगरकडचे. किडकिडीत अंग, पण आवाज असा की नाल्यापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या! आल्या आल्या त्यांनी बुधवारच्या प्रार्थनेला एक नियम घातला. प्रत्येकानं सांगायचं, या आठवड्यात देवाची कृपा कुठे दिसली. पण जे कष्टानं मिळालं ते सांगायचं नाही. जे फुकट मिळालं, आपली लायकी नसताना मिळालं, तेवढंच!

कोणी म्हणालं, “साहेब, धान चांगलं झालं,” की ते विचारायचे, “निंदण कोणी केलं?”

“मीच केलं.”

“मग ही मजुरी झाली, कृपा नव्हे! बसा!”

पहिले काही बुधवार सगळी मंडळी नुसती बसतच होती.

*

याकोबभाऊ आमचे पंच. जंगलखात्यात बीटगार्ड होते आणि गाण्याचा भारी शौक. आवाज मात्र देवानं दुसऱ्या कोणासाठी ठेवलेला असावा.

एका बुधवारी ते छाती पुढे काढून उभे राहिले. “साहेब, आता तं पक्की कृपा आहे. मी जंगलातून येऊन राह्यलो होतो. सामने वाघ! पळायले जागा नाई. मी डोळे मिटले अन् मोठ्यानं भजन म्हणायले लागलो. डोळे उघडून पाह्यतो तं वाघ गायब!”

सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले.

“याकोबभाऊ, भजन कोणी म्हटलं?”

“मी.”

“मग तुमच्या बाजूनं ही मजुरीच. कृपा झाली ती वाघावर. त्याला पळायला वाट मिळाली!”

त्या दिवशी याकोबभाऊ स्वतःच इतके हसले की प्रार्थना तशीच संपवावी लागली. स्वतःवर हसणारे पंच दुसऱ्या कोणत्या मंडळीत असतील तर मला दाखवा!

*

आता मार्थाबाई. विधवा बाई, सुईणपण करायची आणि एका बांधीच्या जोरावर लेक वाढवत होती. जिभेला धार अशी, की गावात भांडण झालं तर लोक आधी ती घरी आहे का ते बघून घ्यायचे.

आमच्यात एक रीत होती. भात शिजत घालायच्या आधी प्रत्येक घरची बाई एक मूठ तांदूळ वेगळा काढायची. ती देवाची मूठ. रविवारी तो तांदूळ देवळात यायचा आणि गरजवंताच्या घरी जायचा. वाटप मार्थाबाईकडे. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी उपासनेत सगळ्यांनी वाटून खायची, भाकरही तीच करायची. पाव नागपूरहून आणला तर वाटेतच बुरसायचा, म्हणून आमच्याकडे प्रभुभोजनाला तांदळाची भाकर आणि उकळलेल्या मनुकांचं पाणी असायचं.

एका पावसाळ्यात चांद्याचे इस्माईलभाऊ कल्हईवाले गावात अडकले. नाल्याला पूर आणि अंगात हिवताप. देवळाच्या पडवीत पडून होते. मार्थाबाईनं त्यांना देवाच्या मुठीतला तांदूळ शिजवून घातला. रोज!

इस्माईलभाऊ म्हणाले, “बाई, मी तुमच्या मंडळीचा नाई. मले काऊन?”

“जेव मुकाट्यानं! आजाऱ्यानं जास्त बोलू नाई.”

बरे झाल्यावर त्यांनी पडवीतच भाता लावला आणि मंडळीची सगळी भांडी चकाचक करून टाकली. प्रभुभोजनाचा पितळी प्याला तर असा, की तोंड दिसावं! मार्थाबाई भडकली. “काऊन रे भाऊ? तांदळाची मजुरी देऊन राह्यला का मले?”

“नाई बाई. तांदूळ पोटात गेला, त्याचा हिशोबही त्याच्यासंगच गेला. हे मी माह्या खुशीनं करून राह्यलो.”

बुधवारी याच्यावर मोठा वाद झाला. कृपा कोणाची, कोणावर? पाळकसाहेबांनाही निकाल देता येईना. शेवटी मार्थाबाईच ओरडली, “बसा आता चूप! ते देव अन् इस्माईलभाऊ पाहून घेतीन!”

*

हीच मार्थाबाई एका माणसाचं नाव निघालं की दगड व्हायची. तो माणूस म्हणजे एलियाभाऊ.

एलियाभाऊची एक बांधी तिच्या बांधीच्या खालच्या अंगाला. एका वर्षी रोवणा झाला, धानाची रोपं लागली आणि पावसानं दडी मारली. मार्थाबाईच्या बांधीत पाणी धरून ठेवलेलं होतं. एलियाभाऊची ती बांधी भेगाळलेली. तो मोहाची पिऊन आला, फावडं घेतलं आणि भरदुपारी तिचा बांध फोडला! पाणी खाली आलं आणि उताराला वाहूनही गेलं. त्याच्या हाती काही लागलं नाही. पाऊस मग आलाच नाही. मार्थाबाईचं धान उभ्या उभ्या वाळलं. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि मायलेकी दुसऱ्याच्या बांधीत रोजीनं वाकल्या.

पंचांनी एलियाभाऊला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. मार्थाबाई ‘हो’ म्हणेपर्यंत त्याला भाकर नाही. मार्थाबाई म्हणाली, “माह्या हातची भाकर अन् त्याच्या तोंडात? मी मरेन तोवर नाई!”

एलियाभाऊनं दारू त्याच दिवशी सोडली. पुन्हा शिवला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण भाकर काही मिळाली नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी त्याची बायको रिबकाबाई आत बसायची आणि तो बाहेर, दाराच्या पायरीवर. बुधवारीसुद्धा तिथंच. पेटीवरून मला समोर दारच दिसायचं, त्यामुळे दर खेपेला त्याची वाकलेली पाठ बघत मी गीत वाजवायचे. पुढं पुढं मला ते सहन होईना.

मधल्या काळात मार्थाबाईच्या लेकीचं दुसरीकडे चांगलं जमलं, लग्न झालं. एलियाभाऊ मांडवाच्या बाहेर उभा राहून पाणी भरत होता. तरी बाई विरघळली नाही.

*

पाळकसाहेबांचा किस्सा सांगते, नाहीतर तुमचा चेहरा पडलेला बघून मलाच वाईट वाटेल.

एकदा साहेब हिवतापानं अंथरुणाला खिळले. रविवार आला. त्यांना काळजी, उपासना कोण चालवणार? याकोबभाऊंनी चालवली! साहेबांना खाटेवर आमची गाणी ऐकू येत होती.

दुपारी सगळे भेटायला गेलो. साहेब क्षीण आवाजात म्हणाले, “माझ्याशिवाय देवाचं काम अडलं नाही. ही खरी कृपा.”

याकोबभाऊ म्हणाले, “व्हय साहेब, मोठी कृपा! उपासना लवकर सुटली!”

साहेबांना घाम फुटला आणि ताप उतरला. मंडळीत अजून वाद आहे, की तो गोळ्यांनी उतरला की याकोबभाऊंनी उतरवला.

*

नागपूरहून एकदा मोठे पाद्रीसाहेब पाहुणे म्हणून आले. बैलबंडी नाल्यात कलंडली आणि साहेब कोटासकट चिखलात! मार्थाबाईनं त्यांचे कपडे धुतले, आणि साहेबांनी याकोबभाऊंचं धोतर नेसून प्रवचन दिलं. विषय काय? कृपा फुकट असते! काय बोलले हो! मी पेटीवर रडले.

निघताना त्यांनी मार्थाबाईला विचारलं, “बाई, तुम्ही इतकं केलंत. मी तुम्हाला काय देऊ?”

“आताच तं फुकट फुकट म्हणून सांगितलं ना साहेब! इतक्या जल्दी भुलले?”

साहेब पोट धरून हसले. हा किस्सा ते नागपुरात सगळ्यांना सांगत फिरायचे. म्हणजे आमच्या मंडळीचं नाव पार नागपूरपर्यंत!

पण जाता जाता त्यांची नजर पायरीकडे गेली. “हे भाऊ आत का नाही बसत?”

एलियाभाऊच म्हणाला, “इथी हवा चांगली लागते, साहेब.”

मार्थाबाई भांडी उचलून आत निघून गेली.

*

त्याच्या पुढच्याच बुधवारी एलियाभाऊ पायरीवरून उठला आणि दारात उभा राहिला. हातात पागोटं. शेजारी रिबकाबाई, डोळे रडून लाल.

“पाळकसाहेब, मी नाल्याजवळची माही बांधी मार्थाबाईच्या नावानं करून देतो. आम्ही दोघं रोजीनं जाऊ. माह्यापाशी दुसरं काई नाई. पण मले आत घ्या. माहं वय झालं. भाकरीबिगर मराचं भेव वाटते मले.”

नाल्याजवळची बांधी म्हणजे गावातली सोन्यासारखी जमीन. तिथं पाणी कधी आटत नसे. आणि मार्थाबाईच्या खालची बांधी कधीच विकली गेल्यानं त्या दोघांचं पोट तेवढ्याच बांधीवर होतं.

सगळ्यांना वाटलं, सुटलं एकदाचं! जे नुकसान झालं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त भरून देतोय. पाळकसाहेबांनी मार्थाबाईला विचारलं, “बाई, घेता ना?”

ती जमिनीकडे बघत होती. “नाई.”

“धान पाहिजे का? दुसरं काही?”

“मले त्याच्यापासून काईच नाई पायजे.”

याकोबभाऊ जागेवरून उठले. एवढा हसरा माणूस, पण त्या दिवशी तिच्यावर ओरडला. “अवं मार्था, तू माणूस आहेस का दगड? याच्यावर आणखी काय द्यावं त्यानं? जीव?”

मी पेटी आपटून बंद केली. बाया तिच्याकडे पाठ करून उठल्या. रिबकाबाई नवऱ्याचा हात धरून अंगणातून चालली होती आणि तो म्हातारा सारखा मागे वळून बघत होता. मार्थाबाई एकटीच बसून राहिली. तिला कोणी ‘चाल’ म्हटलं नाही.

*

रविवार आला. प्रभुभोजनाचा.

भाकर मार्थाबाईनंच केली. दुसरी कोणी करायची तर उकड कशी काढायची इथूनच सुरुवात होती! तिनं ती पांढऱ्या फडक्यात आणून मेजावर ठेवली आणि बायांच्या शेवटी जाऊन बसली. एलियाभाऊ येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण आला. बसला आपल्या पायरीवर, अंगणाकडे तोंड करून.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. याकोबभाऊ ताटली घेऊन फिरले. मी हळू आवाजात गीत वाजवत होते. ताटली मार्थाबाईपाशी आली. याकोबभाऊंनी तिच्याकडे न बघताच ताटली पुढे केली.

तिनं तुकडा घेतला. पण तोंडात घातला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराकडे निघाली.

मला वाटलं, रागावून चालली. आता मंडळी फुटणार! माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. पाळकसाहेब प्याला हातात धरून उभे. कोणी तिला अडवलं नाही.

ती दारात थांबली. खाली वाकली आणि तुकडा एलियाभाऊच्या पुढे धरला.

“घे.”

त्यानं दोन्ही हात मागे लपवले. “मार्थाबाई, माह्याकडून अजून काईच फिटलं नाई.”

“म्हणून तं आली.”

त्याचे हात आपोआप पुढे आले. मार्थाबाईनं तुकडा मोडला, अर्धा त्याच्या ओंजळीत ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला.

“खा, अन् आत चाल लवकर. माहे गुडघे दुखून राह्यले!”