मॅडमचा आवाज

अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, माझं माहेर. तिथल्या एका सभागृहात मला पहिल्यांदाच व्याख्यानाला बोलावलं होतं आणि नेमका त्याच आठवड्यात इकडे अमरावतीत माझा घसा धरला. डॉक्टर म्हणाले, तोंड बंद ठेवा, कुजबुजूसुद्धा नका, त्याने घसा उलट जास्त ताणला जातो. हे व्याख्यान मला काहीही करून द्यायचं होतं. पोरीच्या जातीने हळू बोलावं, एवढं एकच त्या गल्लीने मला लहानपणी शिकवलं होतं.

मग बसले गप्प. आमच्याकडे बाई गप्प बसली की एक तर तिचं बिनसलेलं असतं, नाहीतर तिला माज आलेला असतो. तिसरं कारण कुणाला सुचतच नाही. शेजारच्या काकू माझ्यादेखत सासूबाईंना म्हणाल्या, "कावून वो, सून बोलून नाई राहिली? भाषनवाली झाली म्हनून का?" सासूबाईंनी नुसता उसासा टाकला. खरं कारण त्यांना ठाऊक होतं, पण उसासा टाकायची संधी त्या सहसा सोडत नाहीत.

संयोजकांचं तर विचारूच नका. सकाळ-संध्याकाळ फोन. मला बोलायची मनाई आहे, असं नवऱ्याने सांगितलं की म्हणायचे, "बरोबर हाय, आवाज जपलाच पायजे. फक्त फोन द्या त्याइले, आवाज कसा येते तेवढं आयकून घेतो." एवढी अक्कल कुठे मिळते, देव जाणे.

कार्यक्रमात हार झाले, शाल झाली, नारळ झाला. प्रास्ताविक संयोजकांचंच, ते काही केल्या आटपेना. आवाज राखून मी आपली खुर्चीत बसून हसत होते, मान डोलवत होते. त्यावरून या बाईला आवाजच उरलेला नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. स्मरणिकेसाठी मी आधीच पाठवलेलं भाषण त्यांनी खिशातून काढलं.

"मॅडमचा आवाज बसला हाय. त्याइनं तरास घेऊ नये. त्याइचं भाषन मीच वाचून दाखवतो."

लोकांनी यावर टाळ्या वाजवल्या. ते मिशीवरून हात फिरवून, भारदस्त सुरात वाचू लागले, "मी या गल्लीची लेक. या गल्लीत मला कधी मोठ्याने बोलू दिलं गेलं नाही." आणि समोर बसलेल्या एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकालाही हसू आलं नाही.

माझं डोकंच फिरलं. उठले आणि त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. पुस्तकी मराठीत बोलायची सगळी तयारी केली होती, पण तोंडातून आली ती माहेरची बोली, आणि चांगली खणखणीत आली.

"माहा आवाज बसला नाई, भाऊ. आता तुमी बसा."