झामसिंग भाऊजींचं स्टिकर

आमच्या नात्यात कुणाच्याही घरी जा, टीव्हीखालच्या खणात एक चपटी डबी सापडते. डबीत लग्नाची सीडी असते आणि सीडीवर नवरानवरीच्या जोडीला झामसिंग भाऊजींचा फोटो. गॉगल लावलेला, खांद्यावर कॅमेरा, नजर दूर कुठेतरी. नवरदेवाचा फोटो त्या मानाने लहान असतो.

झामसिंग रहांगडाले हे माझ्या नणंदेचे, चमेलीबाईंचे, यजमान. फुलचूरला राहतात. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी लग्नांचं शूटिंग केलं. शूटिंग कसं केलं हे विचारू नका. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या सीडीत हार घालतानाचा क्षण नाही. पंगतीत बसलेल्या एका अनोळखी माणसाचं जेवण मात्र पहिल्या घासापासून हात धुण्यापर्यंत आहे. पण त्याबद्दल त्यांना कधी कुणी बोललं नाही, कारण लोक सीडी लावून बघण्याआधी तिच्यावरची नावं वाचायचे. भाऊजींना हे फार लवकर कळलं. त्यांच्या अकलेची मजल तेवढीच, आणि तेवढ्यावर त्यांनी जन्म काढला.

सीडीवरचं स्टिकर ते लग्नपत्रिकेसारखं करत. वीतभरही नसलेल्या त्या वर्तुळात गणपती, आजोबा, मोठे काका, धाकटे काका, आत्या, फुफा म्हणजे आत्याचे यजमान, आणि मामा. मामाचं नाव सुटलं तर आमच्याकडे वर्ष-वर्ष बोलणं बंद होतं. एखादं नाव राहिलं की भाऊजी स्टिकर उपटून दुसरं चिकटवत. याला ते ‘फिनिशिंग’ म्हणत. सीडीवर मार्करने लिहिणाऱ्यांची त्यांना कीव यायची. “मार्करनं नाव तर तिखट-मिठाच्या डब्यावर लिवतात, वहिनी,” असं ते म्हणत. थेट सीडीवर छापणारा प्रिंटरही त्यांनी एकदा आणला होता. त्यात फोटो फिका येतो म्हणून तो कपाटावर चढवला. गॉगल काळा दिसत नव्हता ना!

आता लग्नं दुसरीच मुलं शूट करतात. भाऊजी फक्त स्टिकर छापतात, आणि मागितलं नाही तरी छापतात.

अशा माणसाच्या हाती मी माझ्या मुलीचं काम दिलं.

रुचि एम.ए. करते. तिने प्रबंधासाठी आपल्या पोवारी बोलीतल्या लग्नगीतांचा विषय घेतला. मुर्री गावात सावित्रीबाई नावाच्या आजी आहेत. त्यांना बावीस गाणी येत होती. त्यांतली पाच सवाल-जवाबाची. एकीने नवरदेवाच्या बाजूला टोमणा मारायचा, दुसरीने परतवायचा. ती गाणी त्या आणि त्यांची जाऊ मिळूनच गात, आणि आमच्या माहितीप्रमाणे ती कुणी कधी रेकॉर्ड केलेली नव्हती. रुचिचं मुख्य प्रकरण त्या पाच गाण्यांवर उभं होतं.

रुचि फोनवर रेकॉर्ड करणार होती. भाऊजी मध्ये पडले.

“मोबाईलमदी का रेकॉर्डिंग होते? खेलना आहे तो! मी येतो मशीन घेऊन.”

आले. त्या दिवशीचा आवाज चांगला आला होता, हे मान्य करायला हवं. जाऊबाईंच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. भाऊजींनी ती गाणी घरी एका सीडीवर उतरवली आणि मशीनमधलं कार्ड पुसून साखरपुडा शूट करणाऱ्या एका मुलाला दिलं. रुचिच्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही. ती म्हणाली, “फुफाजी, आधी दुसरी कॉपी काढून द्या.” ते म्हणाले, “आधी स्टिकर, मग कॉपी. उघडी सीडी मी घराबाहेर जाऊ देत नाही.”

रुचिच्या विभागाच्या पत्रकात साधंच लिहिलं होतं: प्रबंधासोबत द्यायच्या सीडीवर नाव, विषय आणि वर्ष असावं. रुचिने पर्समधून मार्कर काढला होता. मीच तिचा हात धरला. “छापील असू दे गं. चार लोक बघतील. आपण असंच काहीतरी दिलंय असं वाटायला नको.” मला रात्रंदिवस हीच धास्ती, की मुलीचं काही कुठे कमी दिसेल. शिकलेली बाई मी, पण तेव्हा मलाही वरचं स्टिकरच दिसत होतं.

स्टिकर व्हायला दोन महिने लागले, मग सीडी घ्यायला आम्ही फुलचूरला गेलो. माझा भाऊ गुलाबचंद गाडीने सोडायला आला होता. भाऊजींनी तबकात घालून सीडी पुढे केली. खरंच तबकात. स्टिकरवर वर गणपती, मध्ये रुचिचा दहावीतला फोटो, शेजारी गॉगल. ‘मार्गदर्शक: श्री. झामसिंग रहांगडाले’ ठळक अक्षरांत. रुचिच्या खऱ्या मार्गदर्शक बाई सीडीच्या भोकाजवळ मुंगीएवढ्या. सावित्रीबाईंचं नाव नाहीच.

“फुफाजी, गाणारीचं नाव?” रुचि म्हणाली.

“ते आतमदी आहे ना, आवाजात!”

गुलाबचंदने चष्मा लावला, सीडी गोल फिरवत वाचली आणि पुन्हा फिरवली.

“मामा कुठं आहे?” त्याने विचारलं.

“काऊन?” भाऊजी म्हणाले.

“काऊन म्हणजे? भाचीची सीडी आहे. फुफाचा फोटो छापून राहिले, मामाचं नाव नाही?”

“दादा, हे लग्न नाही रे,” मी म्हणाले.

“मग गणपती कायले छापला?”

भाऊजींना हे पटलं. मामा सुटणं म्हणजे फिनिशिंगला डाग. “एक मिनिट,” असं म्हणून त्यांनी नखाने स्टिकरची कड उचलली. रुचि ओरडली, “फुफाजी, राहू द्या!” त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. “अरे, तीस साल झाले हेच करून राहिलो मी!” आणि ओढलं.

दुधावरची साय यावी तसं स्टिकरबरोबर सीडीचं रुपेरी अंग निघून आलं. हातात उरली काचेसारखी आरपार चकती. तिच्यातून मला भाऊजींची बनियन दिसत होती.

त्यांनी ती उलटी केली, उजेडात धरली. “खालची बाजू पाहा, एक खरोच नाही.”

रुचि हळू म्हणाली, “फुफाजी, गाणी वरच्या बाजूला असतात. त्या रुपेरी थरात. खाली नुसतं प्लास्टिक.”

तीस वर्षं सीडी विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. किती घरांतल्या त्या चपट्या डब्यांमध्ये आता आरपार चकत्या असतील आणि वर मामांची नावं शाबूत असतील, हा विचार मला तेव्हाच आला. भाऊजींनी चकती प्लेअरमध्ये घातली. प्लेअर घरघरला आणि गप्प झाला. “मशीन पुरानी झाली,” ते म्हणाले. आतून चमेलीबाई चहा घेऊन आल्या, नवऱ्याच्या हातातलं स्टिकर बघितलं आणि म्हणाल्या, “फोटो चांगला आला तुमचा.” चेष्टा होती की कौतुक, मला कळलं नाही. काय झालं ते चमेलीबाईंना मात्र चांगलं कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुर्रीला गेलो, फोन घेऊन. सावित्रीबाई अंगणात बसल्या होत्या.

“तवा गायली ना व पोरी? आता कायले परत?”

रुचिने खरं ते सांगितलं. त्या हसल्या, भाऊजींना एक शिवी दिली आणि गायला लागल्या. दम लागत होता, तरी सतरा गाणी गायल्या. मग थांबल्या.

“अन् ती पाच, आजी?”

“जाऊ गेली माही. पौषात. एकटीनं का सवाल, का जवाब?” मग म्हणाल्या, “त्या सीडीत तिचा आवाज होता ना? मले एक डाव आयकवशील म्हटलं होतं तू.”

रुचि उठून विहिरीकडे गेली. उत्तर मलाच द्यावं लागलं, आणि मी खोटं बोलले. म्हणाले, सीडी दुरुस्तीला दिली आहे.

प्रबंध सतरा गाण्यांवर गेला. मुख्य प्रकरण रुचिने स्वतःच्या हाताने काढून टाकलं. नवी सीडी बाजारातल्या दुकानातून करून घेतली. तिच्यावर मार्करने लिहिलं: ‘गायिका: सावित्रीबाई, मुर्री’. खाली विषय आणि वर्ष. तिचं अक्षर सुंदर आहे, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

परवा चमेलीबाईंकडे गेले होते. भाऊजींनी ते स्टिकर वाया जाऊ दिलेलं नाही. डिंक लावून कपाटाच्या दारावर चिकटवलंय. गणपती, गॉगल, मार्गदर्शक. मामाचं नाव त्यांनी मागाहून पेनाने घातलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवतात आणि लोक वाचतात.

त्या कागदाच्या पाठीला रुपेरी थर अजून असेल. ती पाच गाणी, जाऊबाईंच्या बांगड्यांसकट, तिथेच आहेत. झामसिंग भाऊजींच्या फोटोमागे.