परिशिष्ट ‘अ’ला टोचलेली टाचणी

अर्जदार : प्रा. सोनकांबळे, रसायनशास्त्राचे अध्यापक, मूळ राहणार उदगीर, हल्ली मुक्काम लातूर.
साक्षीदार : हमीदभाई, प्रयोगशाळेचे परिचर.
अर्ज लिहिणार : मी, सातवी पास, कचेरीसमोर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस.
वेळ : लातूर जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या टंचाईच्या उन्हाळ्यातील एक सोमवार, सकाळी अकरा.
हकीकत : साहेबांच्या टेबलावर पुराव्याचे घड्याळ चालेना.

नव्या जिल्ह्यात कचेऱ्या आल्या, पण इमारती आल्या नाहीत. मिळेल ती खोली सरकार ताब्यात घेत होते. टंचाई शाखेच्या दप्तरासाठी सरांची प्रयोगशाळा त्याच सोमवारी दुपारपर्यंत रिकामी करावी, असा आदेश होता. कॉलेजात दुसरी खोली नव्हती. तीन वर्षांचे काम तिथेच संपणार होते.

ते काम सरांनी मला समजावले होते, ते येथे नमूद करतो. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर तारेवर त्याचे आवरण असते. परंतु ॲनिलीन नावाचे एक रसायन आहे, ज्यापासून रंग बनतात. त्याचे कण एकापुढे एक जोडून लांब साखळी केली, म्हणजे पॉलिमर केला, की गडद हिरवा थर मिळतो, आणि त्यातून मात्र वीज वाहते! इतकेच नव्हे, तो वीज साठवतोही. एका बाजूस हा थर, दुसऱ्या बाजूस जस्ताचा पत्रा, मध्ये क्षाराच्या पाण्यात भिजवलेला कागद, आणि वरून प्लॅस्टिकच्या पिशवीचे सील. झाला सेल. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या त्या सेलवर सरांनी क्वार्ट्झचे घड्याळ चालवून दाखवले, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

प्रयोगशाळा घेऊ नये, असा अर्ज शनिवारी कचेरीत दाखल केला. तो सेल ‘परिशिष्ट अ’ म्हणून जोडला. सोमवारी टंचाई शाखेच्या साहेबांनी तो सरांनी सोबत आणलेल्या घड्याळाला लावला. काटा जागचा हलला नाही.

“सर, हे घड्याळ झोपलंय का तुमचा सेल?” साहेबांनी विचारले.

“साहेब, शनिवारी चालत होतं,” हमीदभाई म्हणाले. “म्या सोता बघितलंय. लई झ्याक टिकटिक करायलं होतं.”

“शनिवारचा पुरावा सोमवारी चालत न्हाई, हमीदभाई,” दारातला शिपाई, नाईक, हसला.

सरांनी सेल उजेडात धरला. थराची कड हिरवी नव्हती, फिकट पिवळी पडली होती.

“ही टाचणी कुणी मारली?”

“मी,” मी उत्तर दिले. “सुटी वस्तू कचेरीत गहाळ होते. माझ्या अर्जाचे प्रत्येक परिशिष्ट आरपार टाचलेले असते. वीस वर्षांची रीत आहे.”

“पाकिटात ठेवा म्हणालो होतो ना?”

“अहो मुन्शीजी,” हमीदभाईंनी कपाळावर हात मारला, “जित्या जीवाच्या काळजात सुई घातली की तुम्ही!”

टाचणी लोखंडाची. तिने थर आणि जस्त थेट जोडले. यास शॉर्ट म्हणतात. दोन दिवस वीज आतल्या आत वाहून सेल रिता झाला होता.

मी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला. सर मात्र एकाएकी ताठ झाले. “साहेब, दहा मिनिटं द्या. आणि नाईकांची बॅटरी द्या.”

त्यांनी टाचणी उपसली, भोकावर चिकटपट्टी लावली, टॉर्चमधील दोन मसाले, म्हणजे बाजारी सेल, काढून मध्ये वीज बेताने सोडणारा, खिशातला एक बारीक रोध घालून तारा जोडल्या. आम्ही चौघे टेबलावर वाकलो. साहेबही वाकले. पिवळी कड आधी पोपटी झाली, मग हिरवी, मग गडद हिरवी! आमच्या डोळ्यांदेखत! हमीदभाईंनी माझा दंड इतका आवळला की बोटे उमटली.

तारा काढल्या. सेल घड्याळाला लावला. टिक. टिक. टिक.

“म्हणजे, रिकामा झाला तरी परत भरतो हा?”

“होय साहेब. तेच दाखवायचं होतं. नुसतं घड्याळ तर दुकानातल्या मसाल्यावरही चालतं. पण तो संपला की फेकावा लागतो.”

साहेबांनी माझ्याच अर्जाच्या समासात लिहिले : ‘प्रयोगशाळा घेऊ नये. दप्तर व्हरांड्यात ठेवावे.’ मग माझ्याकडे पाहिले. “मुन्शी, पुढच्या वेळी दोऱ्यानं बांधा.”

धडा एवढाच : परिशिष्ट जोडण्यापूर्वी ते जिवंत आहे की निर्जीव, याची खात्री करावी. मी तेव्हापासून करतो.

आता विनंती. सरांच्या प्रयोगवहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे : ‘बाहेरील व्यक्तीच्या चुकीने सेल रिता झाला, पुन्हा भरला असता पूर्ववत चालला.’ चूक मला मान्य आहे. परंतु ती झाली नसती, तर साहेबांनी चालते घड्याळ पाहून मान डोलावली असती आणि खोली घेतली असती. सबब ‘बाहेरील व्यक्ती’ हे शब्द खोडून तेथे माझे संपूर्ण नाव लिहावे, आणि तसे केल्याचे लेखी उत्तर सरांनी कृपा करून द्यावे. पत्ता तोच, कचेरीसमोरील लिंब.