माझ्या अक्षरातला कागद

आमच्या नात्यात कुणाला अर्ज लिहायचा असला की काम माझ्याकडंच येतं. अक्षर वळणदार, आणि भाषा अशी की कुणी दुखावणार नाही. मला त्याचा तोरा होता. आता त्याच अक्षराची लाज वाटते.

चार वर्षांपूर्वी धाकटी बहीण मंगळवेढ्याहून सोलापूरला आमच्याकडं आली ती उजवा हात गळ्यात अडकवून. नवऱ्यानं पिरगाळून मोडला होता. आठवडाभरानं तो घरातली दोन मोठी माणसं घेऊन आला. पोहे झाले, चहा झाला, आणि झालं गेलं विसरून तिच्याकडून तसा कागद लिहून घ्यायचं ठरलं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. "तुमीच लिवा की, तुमचं अक्षर लई देखणं हाय," त्याचे काका म्हणाले आणि मी हुरळलो. लिहिलं, 'जिन्यावरून पडल्याने हाताला दुखापत झाली. पतीविषयी माझी काही तक्रार नाही.' खाली तिची डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही. साक्षीदार म्हणून माझी, झोकात. मग आईनं तिची ओटी भरली आणि मीच तिला एसटीनं पोचवून आलो. वाटेत ती अवाक्षर बोलली नाही. मी समजलो, राग निवळला. केवढा मूर्ख होतो मी.

यंदा ती मुलीला घेऊन कायमची परत आली. नवरा इथंही येऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहायला लागला, पोरगी शाळेत जायला घाबरायची. त्यानं दोघींच्या जवळपास फिरकू नये असा कोर्टाचा आदेश बहिणीला हवा होता. संरक्षण अधिकाऱ्यांकडं ती एकटीच जाऊन आली, अर्जासाठी मला विचारलं नाही. आणि कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं नेमका तो कागद काढला. भावानंच लिहून दिलंय, म्हणाला. मला बहिणीकडं बघवेना.

"आता तुम्हीच शपथेवर सांगा, ते खोटं होतं," आमच्या वकीलबाई म्हणाल्या. "कच्चं लिहून द्या, मी टाइप करून घेते."

बाहेरच्या बाकावर लिहायला बसलो. 'वडीलधाऱ्यांच्या आग्रहास्तव व गैरसमजातून' अशी सुरुवातही केली. बहीण शेजारी बसून वाचत होती.

"कसला गैरसमज, दादा? हात त्यानं मोडला, आन् तुला ठावं हुतं. तेवढंच लिव."

तेवढंच लिहिलं. दोन ओळींना अर्धा तास लागला.

आदेश मिळाला. ती प्रत घेऊन बाहेर आली तेव्हा मी सवयीनं हात पुढं केला. "आण, नीट लिहिलंय का बघतो."

"मी वाचलाय की," ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिनं तो पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली.